वायपरची वाटी

आमच्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे इतर गाड्यांत लपून जाणारं हिच्यात सगळं ऐकू येतं. दाराच्या खणातली नाणी वाजतात, मागच्या सीटवरची छत्री घरंगळते, स्वतःचा श्वाससुद्धा कळतो. गेल्या पावसाळ्यात वायपरचा आवाज मला असाच ऐकू यायला लागला. काच पुसून पट्टी खाली आली की आतून कुठूनतरी ‘खट्ट’. वर गेली की परत ‘खट्ट’.

गाडी माझ्या नवऱ्यानं घेतलेली. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले, त्यानंतर काही वर्षांनी त्यांना ही विजेवरची गाडी घ्यायची हौस आली. “घरीच चार्ज करायची आणि फिरायचं,” म्हणाले. मला चालवायला त्यांनीच शिकवली. फिरणं मात्र फार झालं नाही. एका सकाळी चहा पिता पिता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात आयुष्यभर परिचारिका होते, काय चाललंय ते मला लगेच कळलं. पण कळून उपयोग नव्हता. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगी कॅनडात. ती येऊन गेली, दर रविवारी फोन करते. बाकीचे दिवस साताऱ्याच्या घरात मी एकटी. पहिले काही महिने येणाऱ्या-जाणाऱ्यांत गेले, मग दाराची बेल वाजायची बंद झाली. मग मी गाडी काढायला लागले. कामासाठी नव्हे. कराडपर्यंत जायचं, नदीकाठी गाडी लावायची, एक चहा घ्यायचा आणि परत यायचं. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “रोज कराडला काय असतं हो तुमचं?” मी म्हटलं, “बँकेत काम असतं.” त्यांनी मान हलवली. बँकेत काम नव्हतं. चहावाला “आज उशीर झाला ताई” म्हणायचा, तेवढ्यासाठी मी जात होते.

वायपर खटखटायला लागल्यावर मी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं बॉनेट उघडलं, आतल्या केशरी वायरी बघितल्या आणि हात मागं घेतला. “आवं मॅडम, ही करंटवरची गाडी. ह्यात आमी हात घालत न्हाई.” मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसानं नीट तपासून सांगितलं, की वायपर हलवणाऱ्या दांड्यांचा सांगाडा झिजलाय आणि तो आख्खाच बदलावा लागेल. “मागवतो, पण कधी येईल सांगता येत नाही,” म्हणाला. तोवर काय करू, विचारलं तर म्हणाला, “पावसात नका काढू.”

साताऱ्यात ऑगस्ट महिन्यात पावसात गाडी काढायची नाही म्हणजे काढायचीच नाही. मी घरी बसले. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, कधी ढगात जायचा, कधी बाहेर यायचा. एके दिवशी दूधवाल्याला “उद्यापासून अर्धा लिटरच दे” म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज घोगरा निघाला. आदल्या दिवसभरात मी एकही शब्द बोलले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

त्याच आठवड्यात नवऱ्याचं कपाट आवरायला काढलं. खालच्या कप्प्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक व्हर्निअर मिळालं, बारीक जाडी मोजायचं, जबड्यासारखं उघडणारं माप. त्याच्यावर माधवनगरच्या एका जुन्या गिरणीचा शिक्का होता. हे त्यांच्या थोरल्या बहिणीचं, माझ्या नणंदेचं. नवऱ्यानंच कशाला तरी मागून आणलेलं आणि राहून गेलेलं.

नणंद म्हणजे माझ्या वन्सं, माधवनगरला एकट्या राहतात. राहतात काय, राहायच्या. त्यांचे यजमान तिथल्या कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरामागं पत्र्याची शेड घातली, लोखंड फिरवून कापायचं एक लेथ मशीन आणलं आणि पॉवरलूमचे सुटे भाग कातून द्यायला सुरुवात केली. पुढं त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. मग ते खुर्चीत बसून सांगायचे आणि वन्सं लेथवर उभ्या राहायच्या. असं करत त्या शिकल्या. यजमान गेल्यावरही त्यांनी बरीच वर्षं काम चालवलं. बाई नऊवारीचा पदर खोचून लोखंड कातते म्हणून गावातली माणसं आधी बघायला यायची, नंतर काम घेऊन यायची.

आम्हा दोघींचं भांडण कधी झालं नाही. पण आमच्यात बोलणंही नव्हतं. त्यांचा भाऊ दर महिन्याला त्यांच्याकडे जायचा, मी सणावारी. भाऊ गेल्यावर आमच्यामधला माणूसच गेला. वर्षश्राद्धाला त्या एसटीनं आल्या, जेवल्या, आणि संध्याकाळच्या आत परत गेल्या. निघताना “ये कवातरी” म्हणाल्या. मी “हो” म्हटलं. दोघींनीही ते मनावर घेतलं नव्हतं.

व्हर्निअर परत करायचं, हे निघायला चांगलं कारण होतं. एका सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. मी गाडी काढली. कराड मागं टाकलं तेव्हा बरं वाटलं, कारण कितीतरी महिन्यांत मी कराडच्या पुढं गेलेच नव्हते. पेठ नाक्यावरून सांगलीच्या रस्त्याला लागले आणि आष्टा ओलांडल्यावर आभाळ एकदम काळं झालं.

पाऊस असा आला, की पुढचा ट्रक दिसेनासा झाला. वायपर लावला. दोनचार फेऱ्या झाल्या आणि माझ्या बाजूची पट्टी काचेवर मधेच आडवी पडली. डावीकडची आपली चालू. जिथं कुणी बसलेलं नव्हतं त्या बाजूची काच स्वच्छ होत होती आणि मला समोरचं काहीच दिसत नव्हतं.

इंडिकेटर लावून कशीबशी एका बंद रसवंतीच्या छपराखाली गाडी घेतली. दोन्ही बाजूंना ऊस, वरती पत्र्यावर पाऊस. फोन काढला आणि नावं बघत गेले. दवाखान्यातल्या मैत्रिणी, मुलीच्या शाळेतल्या ओळखी, गॅस एजन्सी, प्लंबर. किती नावं होती! त्यातल्या कुणालाही फोन करून “मी रस्त्यात अडकलेय” म्हणावं असं एक नाव सापडेना. कॅनडात रात्र होती. आणि ज्यांना फोन केला असता त्यांचा नंबर अजून तसाच होता, त्यावरून बोट पुढं सरकत नव्हतं.

शेवटी वन्संना लावला.

“कोण?”

“मी, वन्सं. साताऱ्याची.”

“काय झालं?” त्यांचा आवाज एकदम बदलला. आमच्या घरून अवेळी फोन म्हणजे त्यांना एकच आठवत असणार.

मी घाईनं सांगितलं, काही झालं नाही, गाडीचा वायपर गेलाय, आष्ट्याच्या पुढं थांबलेय.

“एकबी चालंना का एक चालतोय?”

“डावा चालतोय.”

“मग मोटर बरी हाय. सांधा निखळलाय.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पाऊस उघडूस्तवर हलू नगंस. आन् फोन ठेवू नगंस.”

मी फोन गाडीच्या स्पीकरवर टाकला. वन्सं काही बोलक्या नाहीत. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, “मी दारात उभी हाय. हितं बी लय पाऊस हाय. समोरच्या गोठ्यात मांजर बसलंय.” मी “हं” म्हटलं. जरा वेळानं म्हणाल्या, “आता उठलं ते. आत गेलं.” त्यानंतर त्यांनी मला कुकर लावलाय म्हणून सांगितलं, शेजारणीच्या सुनेला मुलगा झाला म्हणून सांगितलं, परत मांजर आलं म्हणून सांगितलं. ज्या बाईशी इतक्या वर्षांत माझं जेवण-पाण्यापलीकडं बोलणं झालं नव्हतं, ती मला मांजराची हालहवाल सांगत होती, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून ऐकत होते.

पाऊस ओसरल्यावर मी टॉवेलनं काच पुसली आणि निघाले. त्या मधून मधून विचारत होत्या, “तुंग गेलं का? डिग्रज आलं का?” बुरबुर वाढली की मी थांबायची, उतरून काच पुसायची, परत बसायची. माधवनगरला पोचले तेव्हा त्या खरोखरच दारात उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “भिजलीस की. आत चल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी शेडच्या छपराखाली घेतली. मी व्हर्निअर दिलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उघडझाप करून बघितलं. “माझ्या भावानं तेल लावून ठिवलंय,” एवढंच म्हणाल्या. मग बॉनेटकडे बघत म्हणाल्या, “खोलूया का? तुझी इच्छा असंल तर.”

“करंट?” मी विचारलं.

“ते तू सांग. मी असली गाडी कवा खोलून बघितली न्हाई.”

मला नवऱ्यानं शिकवलं होतं ते आठवलं. केशरी वायरींकडे अजिबात जायचं नाही. ती मोठ्या बॅटरीची वीज. वायपर, दिवे, हॉर्न हे सगळं साध्या गाडीसारख्याच छोट्या बॅटरीवर चालतं. मी त्या छोट्या बॅटरीची एक वायर सोडवून बाजूला केली. मग माझ्या पिशवीतल्या चिकटपट्टीचे तुकडे काढून काचेवर लावले, पट्ट्या कुठं टेकत होत्या तिथं. वन्संनी विचारलं, “ह्ये कशाला?” मी म्हटलं, “परत बसवताना त्याच जागी बसायला हव्यात. ऑपरेशनच्या आधी आम्ही अशी खूण करायचो.” त्या हसल्या. त्यांना हसताना मी फार वर्षांनी बघत होते.

नट सुटले पण पट्ट्यांचे दांडे निघेनात, गंजानं धरून बसलेले. वन्संनी हातोडी घेऊ दिली नाही. डिझेलचे थेंब सोडले, चहा करून आणला, आणि चहा संपल्यावर दांडा धरून डावी-उजवीकडे हळूहळू डोलवत राहिल्या. निघाला. मग काचेच्या बुडाचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. आत वाळकी पानं, चिखल, एक मेलेला भुंगा. त्याखाली मोटर आणि तिला जोडलेल्या लोखंडी दांड्या. चार बोल्ट काढल्यावर सांगाडा बाहेर आला. आम्ही तो पोत्यावर ठेवला.

आणि मी बघतच राहिले. एका दांडीच्या टोकाला गुळगुळीत लोखंडी गोळी, दुसऱ्या दांडीच्या टोकाला तिला धरणारी प्लॅस्टिकची वाटी. आपल्या खुब्याचा सांधा असाच असतो. वाटी झिजून तिचं तोंड मोठं झालं होतं, म्हणून गोळी निसटली होती.

“खुबा गेलाय,” मी म्हटलं. “आमच्याकडे डॉक्टर नवी वाटी बसवायचे.”

“मग बसवूया की,” वन्सं म्हणाल्या.

लेथवर जुन्या गोधडीचं पांघरूण होतं. ते काढलं तर मशीन स्वच्छ, तेल दिलेलं. पॉवरलूमच्या कामातला नायलॉनचा एक जाड तुकडा त्यांनी फळीवरून शोधून काढला आणि मशीनच्या तोंडात आवळला. मग व्हर्निअर गोळीला लावलं, डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे फिरवलं. शेवटी माझ्याकडे दिलं.

“तू वाच. मला रेघा दिसत न्हाईत आता.”

त्यांनी मला वाचायचं कसं ते दाखवलं. मी आकडा सांगायची, त्या कापायच्या. डोळ्यांनी नाही, बोटांनी. कापता कापता मशीन थांबवून आत करंगळी फिरवायच्या. पहिली वाटी सैल झाली. दुसरी इतकी घट्ट, की गोळी आत जाईना. जोर लावला तर काठ फुटला. वन्सं टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, थकल्या. “राहू दे वन्सं, पार्ट येईल कधीतरी,” मी म्हटलं.

“थकली न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “कितीतरी दिवसांनी खरं काम करतीय.”

मग त्यांनीच सांगितलं. पॉवरलूमचं काम थांबून बराच काळ झाला होता. नवीन माग आले, त्यांचे भाग तयार मिळतात. तरी त्या रोज सकाळी शेडमध्ये येतात, मशीन चालू करतात आणि काही न लावता रिकामंच फिरू देतात. “घरात आवाज पायजे काहीतरी. शेजारी म्हणत्यात, आजीला अजून काम हाय. म्हणू द्यात.”

मी त्यांना कराडच्या चहाबद्दल सांगितलं. बँकेचं जे सांगत होते तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नायलॉनचा नवा तुकडा मशीनला लावला.

ही वाटी कापताना त्यांनी मधेच, मशीन चालू असतानाच विचारलं, “शेवटी काय बोलला त्यो?”

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मुलीनंही नाही.

“गॅस बंद केलास का, म्हणाले.”

“आनि?”

“एवढंच. मी केला होता बंद.”

त्यांनी मशीन थांबवलं. नायलॉनचे पांढरे कुरळे धागे त्यांच्या हातावर पडले होते, ते झाडले नाहीत. “ल्हानपणी आई शेतात गेली की चूल मी इझवायची,” त्या म्हणाल्या. “त्यो येऊन रोज इचारायचा, आक्का, चूल इझवलीस का.” मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “आकडा सांग.”

मी सांगितला. या वेळी वाटीचं तोंड गोळीपेक्षा किंचित लहान ठेवलं होतं. चहाच्या भांड्यात पाणी उकळून वाटी त्यात टाकली. नायलॉन गरम पाण्यात मऊ होतं. वन्संनी चिमट्यानं ती काढली, जुनी वाटी काढलेल्या दांडीच्या भोकात दाबून बसवली, मागून वॉशर लावला आणि गरम आहे तोवरच गोळी तिच्यात ढकलली. ‘टक्’ असा आवाज झाला. दांडी धरून हलवली. सगळीकडे फिरत होती आणि सुटत नव्हती. जिथं जिथं लोखंड कोरडं पडलं होतं तिथं आम्ही डिझेलनं पुसून ग्रीस भरलं.

सगळं जागेवर बसवून, बॅटरीची वायर जोडून, आधी नुसती मोटर फिरवून तिच्या थांबायच्या जागी आणली. मग चिकटपट्टीच्या खुणांवर पट्ट्या बसवल्या. वन्संनी तांब्यानं काचेवर पाणी ओतलं. मी आत बसून वायपर लावला. दोन्ही पट्ट्या बरोबरीनं वर गेल्या, बरोबरीनं खाली आल्या. आवाज नाही.

काचेपलीकडे वन्सं रिकामा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी दार उघडून म्हटलं, “बसा.”

“म्होरं?”

“पुढं.”

भावाच्या गाडीत त्या पहिल्यांदाच पुढं बसत होत्या. एरवी आम्ही दोघं पुढं असायचो. बाहेर परत पाऊस सुरू झाला होता. आम्ही माधवनगरातून, बंद गिरणीच्या भिंतीकडेनं, बुधगावच्या रस्त्यापर्यंत गेलो. त्यांनी एका ठिकाणी थांबायला सांगितलं. तिथं काही नव्हतं, नुसतं गिरणीचं एक कुलूपबंद फाटक. “हितनं सुट्टी झाली की आमचं मालक बाहेर यायचं,” त्या म्हणाल्या. वायपर फिरत होते. आम्ही थोडा वेळ बसलो आणि परत आलो.

त्या पावसाळ्यात मी बऱ्याच वेळा माधवनगरला गेले. कधी मुक्काम करायची. वन्सं लेथ लावायच्या, मी भाजी निवडायची. फार बोलायचो असं नाही. एकदा त्यांनी माझा मिक्सर दुरुस्त केला, एकदा मी त्यांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू नाही. आतली नस सुकत चाललीय, गेलेली नजर परत यायची नाही. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “पोराला सांगू नगंस.” पण मुलाला सांगावंच लागलं.

त्यांचा मुलगा बेंगळुरूला असतो. विट्याच्या सासऱ्यांबरोबर त्यानं तिथं सोनं गाळायचं दुकान टाकलंय. तो आला, चांगलं बोलला, आणि आईला एकटं ठेवता येणार नाही म्हणाला. त्यात चूक काय होतं? कुपवाडचा एक माणूस लेथ घेऊन गेला. मशीन टेम्पोत चढवताना वन्सं घरात बसून राहिल्या. मी शेडमध्ये होते. मशीनखालची जमीन तेलानं काळी झाली होती, तेवढी जागा राहिली.

त्याच सुमाराला सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, की तुमचा पार्ट आलाय. मी जाऊन घेतला. “बसवून देऊ का?” त्या माणसानं विचारलं. मी म्हटलं, “आता नको, जुना चालतोय.” तो अजून चालतोय.

मिरज स्टेशनवर मीच सोडायला गेले. मुलगा सामान चढवत होता. वन्सं खिडकीशी बसल्या, माझा हात सळयांमधून धरून. त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कुणास ठाऊक.

“बेंगळुरूला ये,” त्या म्हणाल्या.

“येईन.”

“न्हाई यायचीस.” त्यांनी हात सोडला नाही. “फोन कर. काय बोलायचं न्हाई असं वाटलं तरी कर.”

गाडी हलली. डबे संपेपर्यंत मी उभी होते. मग बाकावर बसले. शेजारी एक बाई डबा उघडून जेवत होती. तिनं विचारलं, “कुणाला सोडाय आलाय व्हय?”

“नणंदेला.”

“परत कवा यायच्यात?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. तिनं डब्यातली अर्धी भाकरी पुढं केली. मी नको म्हटलं, पण ती आणखी काही विचारेल म्हणून थोडा वेळ तिथंच बसले. तिनं विचारलं नाही. तिची गाडी आली आणि ती गेली.

बाहेर ऊन तापलं होतं. माझ्या गाडीचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी धग आली. चारी दारं उघडी टाकून मी सावलीत उभी राहिले, आतली हवा निवेपर्यंत.